शंभर फुटांचे अंतर

मुंबई महानगरपालिकेचा कारभार आजही ज्या कायद्याने चालतो, तो १८८८ सालचा आहे. परक्या राज्यकर्त्यांनी, घरपट्टी भरणाऱ्या मूठभरांच्या मतांवर चालणाऱ्या पालिकेसाठी तो केला. तरीही त्यात घरांच्या सांडपाण्यासंबंधी एक तरतूद आहे, जी वाचून आजच्या वाचकाला नवल वाटेल. एखाद्या जागेतून मैलापाणी वाहून जाण्याची पुरेशी सोय नसेल, आणि पालिकेची मलवाहिनी त्या जागेपासून शंभर फुटांच्या आत असेल, तर आयुक्त नोटीस देऊन ती जागा मलवाहिनीला जोडावयास भाग पाडू शकतो. वाटेत शेजाऱ्याची जमीन आडवी येत असेल, तर त्या शेजाऱ्याचे म्हणणे ऐकून घेऊन त्याच्या जमिनीतून नळ नेण्याची परवानगीही आयुक्ताला देता येते. खासगी मालमत्तेला देवघरात बसवणाऱ्या राजवटीनेसुद्धा एवढे ओळखले होते की, घाणीला मालमत्तेच्या हद्दी कळत नाहीत. एका घराचा मैला हा साऱ्या गल्लीचा प्रश्न असतो.

मुंबईखेरीज राज्यातील इतर महानगरपालिकांसाठी १९४९ चा आणि नगरपालिकांसाठी १९६५ चा कायदा आहे. त्यांतील मलनिस्सारणाच्या तरतुदी याच धाटणीच्या आहेत. कायद्यांच्या बाबतीत आपण दरिद्री नाही. प्रश्न आहे तो या कायद्यांच्या पोटी जन्मलेल्या स्थानिक नियमांचा, उपविधींचा, छापील अर्जांचा आणि कचेरीतील रिवाजांचा. मलवाहिनीला घर जोडण्याचे हे नियम आज अशा रीतीने राबवले जातात की, ज्यांच्यावर सक्ती करायची त्यांना सवलत मिळते आणि ज्यांना हक्काने जोडणी हवी त्यांची अडवणूक होते. या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे. जोडणी ही मालकाची खासगी बाब मानली गेली आहे. ती शहराची सार्वजनिक गरज आहे, हे आपण विसरलो आहोत.

प्रथम अडवणुकीकडे पाहू. जोडणीसाठी काय लागते? परवानाधारक प्लंबरने काढलेला नकाशा लागतो. जागेचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक लागते. बांधकामाची परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र आणि कराची थकबाकी नसल्याचा दाखला मागितला जातो. त्यावर जोडणी शुल्क, अनामत रक्कम आणि रस्ता खोदाईचा खर्च येतो. यांतील काही गोष्टी निःसंशय आवश्यक आहेत. नळाला योग्य उतार हवा, दुर्गंधी व वायू घरात शिरू नयेत म्हणून पाण्याचा ट्रॅप हवा, तपासणीसाठी चेंबर हवा आणि पावसाचे पाणी मलवाहिनीत सोडता कामा नये. या तांत्रिक नियमांत सूट देणे म्हणजे रोगराईला सूट देणे होय. परंतु नळाचा उतार आणि जमिनीची मालकी यांचा परस्परांशी काय संबंध आहे? घरात राहणाऱ्याच्या नावे सातबारा नाही, म्हणून त्याचे सांडपाणी उताराकडे वाहायचे थांबत नाही.

मूळ कायदा या बाबतीत त्याच्या अंमलदारांपेक्षा उदार आहे. आपली मोरी पालिकेच्या मलवाहिनीत सोडण्याचा अधिकार तो ‘मालक किंवा भोगवटादार’ यांना देतो. ‘भोगवटादार’ हा शब्द तेथे चुकून पडलेला नाही. घर कोणाचे, याहून त्या घरात कोण राहते, हे आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे, अशी त्यामागची समजूत आहे. कायद्यातून अर्जात येता येता मात्र हा शब्द गळून पडतो. खोलीचे भाडे देणारा कामगार, वाटणीचा दावा चालू असलेल्या वाड्यातील बिऱ्हाडकरू, गुंठेवारीतील घरमालक आणि झोपडपट्टीतील लक्षावधी कुटुंबे यांच्यापासून मलवाहिनी पन्नास फुटांवर असली, तरी कागदाच्या मापाने ती पन्नास कोसांवर राहते.

याचा परिणाम २०११ च्या जनगणनेत दिसला. देशातील शहरी कुटुंबांपैकी केवळ ३२.७ टक्के कुटुंबांचे शौचालय मलवाहिनीला जोडलेले होते. ३८.२ टक्के कुटुंबे सेप्टिक टँकवर अवलंबून होती. महाराष्ट्राच्या शहरांत तर सुमारे एक पंचमांश कुटुंबे सार्वजनिक शौचालयात जात होती. देशाच्या शहरी भागात हे प्रमाण सहा टक्के होते. आपल्या राज्याच्या संपत्तीचे गोडवे गाणाऱ्यांनी हा आकडा जवळ ठेवावा. रात्री-अपरात्री वस्तीच्या टोकाला असलेल्या शौचालयापर्यंत जाणे टाळण्यासाठी संध्याकाळनंतर पाणीच न पिणाऱ्या बायका त्या आकड्यात आहेत. त्यानंतर २०१४ पासून स्वच्छ भारत अभियानात घरोघरी शौचालये बांधली गेली, हे खरे. पण शौचालय बांधले, त्याचे छायाचित्र काढले आणि अनुदानाचा हप्ता दिला, एवढ्याने मैल्याचा प्रवास संपत नाही. तो पुढे कोठे जातो, हा प्रश्न त्या छायाचित्रात मावत नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे, म्हणजे सवलतीकडे वळू. येथे परक्याचे उदाहरण देण्याऐवजी स्वतःचेच देणे न्याय्य होईल. प्रस्तुत लेखक राहतो ती सहकारी गृहरचना संस्था एके काळी शहराच्या हद्दीबाहेर होती, म्हणून तिला सेप्टिक टँक होता. पुढे हद्दवाढ झाली आणि समोरच्या रस्त्यातून मलवाहिनी गेली. जोडणीचा विषय वार्षिक सभेपुढे आला. प्रत्येक सदनिकेमागे वर्गणी काढावी लागणार होती. ‘टाकी चालते आहे, पुढच्या वर्षी पाहू’, असे ठरले. असे नऊ वर्षे ठरत राहिले. हात वर करणाऱ्यांत निवृत्त न्यायालयीन अधिकारी होते, डॉक्टर होते आणि सार्वजनिक वित्तव्यवस्था शिकवण्यात हयात घालवलेला हा लेखकही होता. या नऊ वर्षांत पालिकेची एकही नोटीस आली नाही. दर दोन वर्षांनी टँकर येई आणि त्याच्याबरोबर दोन माणसे येत. एका खेपेस नळी तळापर्यंत पोहोचेना, तेव्हा त्यांतील तरुण मुलगा कमरेला दोर बांधून आत उतरला. तो वर आला, हे आमचे नशीब. त्यात आमचे शहाणपण काही नव्हते. त्यानंतरच्या सभेत ठराव एकमताने मंजूर झाला. प्रत्येकाच्या वाट्याला आलेली रक्कम त्या वर्षीच्या इमारतीच्या रंगकामापेक्षा कमी होती.

हा कोणा एका संस्थेच्या स्वार्थाचा किस्सा म्हणून सांगितलेला नाही. यात अर्थशास्त्राचा एक साधा नियम आहे. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० साली कल्याणकारी अर्थशास्त्रावरील आपल्या ग्रंथात तो व्यवस्थित मांडला. एखाद्या कृतीचा खर्च करणाऱ्याला पडतो आणि लाभाचा मोठा हिस्सा इतरांना मिळतो, तेव्हा व्यक्तीच्या मर्जीवर सोडलेली ती कृती समाजाला हवी त्याहून नेहमी कमी घडते. घर मलवाहिनीला जोडण्याचा लाभ घरमालकाला थोडा, पण खालच्या अंगाला राहणाऱ्या वस्तीला, विहिरीला, नदीला आणि टाकी उपसणाऱ्या कामगाराला पुष्कळ. अशा वेळी प्रत्येकाने आपल्या सोयीने व आपल्या खर्चाने जोडणी करावी असा नियम करणे, म्हणजे जोडणी होणार नाही याची तजवीज करणे होय. देवीची लस टोचताना सरकारने कोणाकडे सातबारा मागितला नव्हता, की सुईचे पैसे मागितले नव्हते. म्हणूनच या देशातून देवीचे उच्चाटन झाले. लस घेणाऱ्याच्या अंगाला लागते, पण रक्षण शेजाऱ्याचेही करते. जोडणीचेही तसेच आहे.

या नियमाकडे डोळेझाक करण्याची किंमत देश रोख मोजतो आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यानुसार देशाच्या शहरांत दररोज सुमारे ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निर्माण होते. प्रक्रिया केंद्रांची उभारलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर आहे. त्यांतील चालू स्थितीतील क्षमता २६,८६९ आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होते ती केवळ २०,२३५ दशलक्ष लिटरवर. म्हणजे क्षमता गरजेच्या निम्म्याहूनही कमी आहे, आणि जी आहे तीही पुरती वापरली जात नाही. याला कारणे अनेक आहेत. परंतु घरे जोडलेली नसणे आणि मैलापाणी मलवाहिनीऐवजी पावसाच्या गटारात व नाल्यात सोडले जाणे, हे त्यांतील एक ठळक कारण आहे. प्रक्रिया केंद्राच्या उद्घाटनाला मंत्री येतात, कोनशिला बसते. गल्लीतील शेवटच्या वीस फुटांच्या नळाला कोनशिला नसते. म्हणून कोट्यवधींचे केंद्र उभे राहते आणि त्याच्याकडे यायचे पाणी नदीत जाते.

तांत्रिक बाजूही लक्षात घेण्याजोगी आहे. मलवाहिनीतून पाणी सेकंदाला किमान सुमारे ०.६ मीटर वेगाने वाहावे, तरच ती आपोआप साफ राहते, असे अभियंते मानतात. ज्या वाहिनीला अपेक्षेच्या मानाने थोडीच घरे जोडलेली असतात, तिच्यात प्रवाह क्षीण राहतो, गाळ बसतो आणि ती तुंबते. तुंबली की झाकण उघडून कोणीतरी आत उतरतो. अर्धवट जोडलेले शहर हे दुहेरी घातक असते. जोडलेल्या घरांच्या वाहिन्या तुंबतात आणि न जोडलेल्या घरांच्या टाक्या भरतात. दोन्ही ठिकाणी उतरणारा माणूस एकाच समाजातून येतो. त्याची जात आपण सारे जाणतो आणि बोलण्याचे टाळतो.

या प्रश्नाशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी तत्कालीन मुंबई सरकारने १९४९ साली बर्वे समिती नेमली. पुढे केंद्राने मलकानी समिती नेमली आणि तिचा अहवाल १९६० साली आला. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी सफाईचे काम स्वतःच्या हाताने केले आणि कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्याला हात लावावा लागणार नाही अशा संडासाचे प्रयोग केले. त्यांना कळले होते की, अस्पृश्यता प्रवचनांनी जाणार नाही. संडासाची रचना बदलेल, तेव्हा तिचा एक पाया ढासळेल. मानवी हातांनी मैला उचलण्याविरुद्ध १९९३ साली केंद्राने कायदा केला. २०१३ च्या कायद्याने मलवाहिन्यांची व सेप्टिक टँकांची धोकादायक साफसफाई माणसांकडून करवून घेण्यास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये १९९३ पासूनच्या मृतांच्या कुटुंबीयांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ही भरपाई तीस लाखांवर नेली. न्यायालयाने मृत्यूचे मोल वाढवले. आता मृत्यूचे कारण दूर करणे, हे काम पालिकांचे आहे. जोपर्यंत भरलेल्या टाक्या आणि तुंबलेल्या वाहिन्या आहेत, तोपर्यंत मनाईच्या कायद्याला पळवाटा सापडत राहतील.

यावर ठरावीक आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप पैशाचा. पालिकांच्या तिजोऱ्या रिकाम्या आहेत, असे सांगितले जाते. याचे उत्तर १९८० सालीच दिले गेले आहे. मध्य प्रदेशातील रतलामच्या एका वॉर्डातील नागरिकांनी उघड्या गटारांविरुद्ध दाद मागितली. तेव्हा नगरपालिकेने दोन बचाव केले. पैसा नाही हा पहिला, आणि या लोकांनी घाण दिसत असताना स्वखुशीने तेथे घरे घेतली हा दुसरा. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी दोन्ही बचाव फेटाळले आणि नगरपालिकेला मुदत घालून काम करावयास लावले. तिजोरीतील खडखडाट दाखवून पालिकेला आपले प्राथमिक कर्तव्य टाळता येत नाही, हे तत्त्व तेथे प्रस्थापित झाले. त्यानंतर ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ पासून अमलात आली आणि सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता हे विषय बाराव्या परिशिष्टात नमूद झाले. चार दशकांनंतरही जुनाच बचाव ऐकावा लागतो, हे लोकशाहीला भूषणावह नाही.

दुसरा आक्षेप असा की, बेकायदा वस्तीला जोडणी दिली तर ती वस्ती कायदेशीर ठरेल. हा आक्षेप प्रामाणिक असू शकतो, म्हणून त्याचा विचार केला पाहिजे. परंतु जमिनीचा हक्क आणि जगण्याचा हक्क या दोन भिन्न गोष्टी आहेत. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये हाच भेद स्पष्ट केला. झोपडी अनधिकृत आहे, म्हणून माणसाला पिण्याचे पाणी नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. जे पाणी आत येते, तेच वापरून बाहेर पडते. आत येण्याचा हक्क मान्य करून बाहेर जाण्याची वाट बंद ठेवण्यात कोणते तर्कशास्त्र आहे? जोडणीच्या पावतीवर ‘ही जमिनीच्या मालकीचा पुरावा नाही’ असे एक वाक्य छापले, की कायद्याची शंका मिटते. अहमदाबादेत १९९५ पासून ‘परिवर्तन’ योजनेत झोपडपट्टीतील घरांना पाणी व मलवाहिनी देण्यात आली आणि दहा वर्षे हलवले जाणार नाही असे आश्वासनही मिळाले. त्याने शहराचा जमीनकायदा कोसळला नाही.

तिसरा आक्षेप आमच्याच विचाराच्या काही मित्रांकडून येतो. सरकारची वाट न पाहता लोकांनी स्वतः करावे, असे ते म्हणतात. कराचीच्या ओरंगी वस्तीत अख्तर हमीद खान यांनी १९८० साली सुरू केलेल्या प्रकल्पाचा ते दाखला देतात. तेथील रहिवाशांनी गल्लीगल्लीतील मलवाहिन्या स्वतःच्या पैशाने व देखरेखीने टाकल्या, आणि सरकारी कंत्राटापेक्षा कितीतरी स्वस्तात टाकल्या. त्या कामाबद्दल आदरच वाटतो. गल्लीतील लोक एकत्र येऊन वाहिनीची आखणी करू शकतात आणि देखभाल करू शकतात, हा त्याचा धडा आपण घ्यावा. परंतु त्यातून एक प्रश्न उरतोच. बंगल्यांच्या वसाहतीत गल्लीची वाहिनी पालिकेने टाकायची आणि कष्टकऱ्यांनी मात्र ती स्वावलंबनाने टाकायची, हा कोणता न्याय? स्वावलंबन हा सद्गुण गरिबांपुरताच राखीव ठेवता येत नाही.

मात्र याचा अर्थ प्रत्येक गावात मलवाहिनीच हवी, असा नाही. लहान गावांना तिचा खर्च पेलत नाही आणि तिला वाहते ठेवण्याइतके पाणीही नसते. वाई आणि सिन्नर या नगरपालिकांनी सेप्टिक टँक ठरावीक मुदतीने यंत्राद्वारे उपसण्याची आणि त्या गाळावर प्रक्रिया करण्याची सोय सार्वजनिक सेवा म्हणून केली आहे. टाकी भरून वाहू लागल्यावर मालकाने टँकरवाल्याला बोलवावे, ही पद्धत तेथे मोडली गेली. वाहिनी असो वा टाकी, तत्त्व एकच आहे. घराच्या उंबऱ्याबाहेर पडलेल्या मैल्याची जबाबदारी समाजाची आहे.

म्हणून पालिकांनी आपले नियम पुढील दिशेने बदलावेत, असे आम्हांला वाटते. जोडणीसाठी मालकीचा पुरावा मागणे थांबवावे. वीजबिल, शिधापत्रिका किंवा मतदार यादीतील नाव, राहण्याचा एवढा पुरावा पुरे मानावा. मलवाहिनी टाकतानाच प्रत्येक घराच्या हद्दीपर्यंतची जोडणी तिच्या मूळ अंदाजपत्रकात धरावी, म्हणजे एकाच रस्त्याची चारदा खोदाई होणार नाही. गरीब वस्त्यांत जोडणी, अनामत आणि रस्ता खोदाई यांचे शुल्क माफ करावे. दिल्ली सरकारने २०१९ साली अनधिकृत वसाहतींसाठी अशी मोफत जोडणीची योजना आणली होती, तेव्हा हे अशक्य कोटीतील नाही. ज्यांना ऐपत आहे, त्यांच्याकडून हा खर्च मालमत्ता कराच्या बिलातून, मालमत्तेच्या मूल्याच्या प्रमाणात, काही वर्षांच्या हप्त्यांनी वसूल करावा. मलनिस्सारणाच्या नावाने कर आपण भरतोच. त्याचा जमाखर्च वॉर्डवार जाहीर व्हावा. आणि शेवटी, शंभर फुटांच्या आत वाहिनी असूनही जी मोठी संकुले, हॉटेले आणि गृहरचना संस्था जोडणी टाळतात, त्यांना कायद्याची नोटीस द्यावी. त्यांची यादी वॉर्ड कचेरीच्या फलकावर लावावी. प्रस्तुत लेखकाच्या संस्थेचे नाव अशा फलकावर पहिल्याच वर्षी लागले असते, तर तो मुलगा आमच्या टाकीत उतरला नसता.

यांतील एकाही गोष्टीला नव्या कायद्याची गरज नाही. बहुतेक गोष्टी पालिकेच्या सर्वसाधारण सभेतील ठरावाने आणि आयुक्तांच्या परिपत्रकाने होऊ शकतात. पालिकेत समतेच्या विचाराचा एकच सभासद असला, तरी तो हा ठराव मांडू शकतो आणि वस्तीतील कार्यकर्ते त्याच्यामागे अर्जांचे गठ्ठे उभे करू शकतात. सार्वजनिक पाणवठ्यावर सर्वांचा सारखा हक्क आहे, हे सांगण्यासाठी महाराष्ट्राला १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला आणि १९७० च्या दशकात ‘एक गाव, एक पाणवठा’ ही मोहीम हाती घ्यावी लागली. त्या हक्काचा उरलेला अर्धा भाग जमिनीखाली आहे. तो दिसत नाही, म्हणून त्याची मागणीही होत नाही. कायद्याने शंभर फूट मोजले आहेत. ते अंतर ओलांडण्याचे काम आता आपले आहे.